थोरली आणि धाकटी

रस्त्यावर गाडीखाली रानमांजर आलं, असा तिला फोन आला. अंगावर ठिपके आहेत का, एवढंच तिने विचारलं. आहेत, म्हणाले. हातातलं काम तसंच टाकून ती जनावरांच्या दवाखान्याकडे निघाली.

आयुष्याची ऐन वर्षं तिने या ठिपकेवाल्या रानमांजरांपायी घालवली होती. लोक पोरंबाळं वाढवतात, हिने कॅमेऱ्यांचे सेल बदलले. घरच्या मांजराएवढंच जनावर, पण माणसाची चाहूल लागली की पसार. तिने स्वतःच्या डोळ्यांनी एकही धड पाहिलं नव्हतं. पाहिलं ते झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांतल्या फोटोंत. साऱ्या जंगलात आता एक बोका आणि दोन माद्या उरल्या होत्या. ओढ्याकाठी आधी दिसली ती थोरली, टेकडीवर मागून दिसली ती धाकटी. ही नावं तिच्या आईने ठेवलेली. "नाती द्यायच्या सोडून मला मांजरी दिल्यास," असं कुरकुरत म्हातारी फोनवर दोघींची खबरबात घ्यायची. धाकटीवर तिचा जरा जास्तच जीव होता.

या दोघींवरूनच तिचं आणि सरांचं बिनसलं होतं. सरांनीच तिला हे काम शिकवलेलं. त्यांचं म्हणणं होतं, एक मादी आणि बोका पकडून आणा, कुंपणात नीट सांभाळा, पिल्लं होऊ द्या. "अगं, एखादी गाडी अंगावर गेली की खेळ खलास," असं ते भर बैठकीत म्हणाले होते. तिने तिथल्या तिथे उत्तर दिलं होतं, "दोन माद्या आहेत, सर. एकीचं काही झालं तर दुसरी आहे. त्यांना जंगलातच राहू द्या." बैठकीने तिचं ऐकलं. सरांनी तिच्याशी बोलणं टाकलं.

दोन आहेत हे ती हवेत बोलत नव्हती. या मांजराच्या दोन्ही कुशींवरचे ठिपके वेगवेगळे असतात. ओढ्याकाठच्या कॅमेऱ्यात नेहमी डावी कूस यायची, टेकडीवरच्या कॅमेऱ्यात उजवी. नुसत्या फोटोंवरून ही डावी त्या उजवीचीच का, हे सांगता येत नाही, आणि एकाच जनावराची दोन होऊन बसतात. विद्यार्थ्यांना हे ती कानीकपाळी ओरडून सांगायची. पण एकदा एकाच रात्री, जवळपास एकाच वेळी, ओढ्यावर डावी कूस दिसली आणि टेकडीवर उजवी. मधलं अंतर एवढं की पंख फुटले तरच गाठावं. म्हणजे दोन! त्या दिवशी तिने आख्ख्या ऑफिसला चहा पाजला होता.

दवाखान्यातल्या टेबलावर मांजर डावी कूस वर करून पडलं होतं. ओढ्याकाठचेच ठिपके. थोरली. जन्मभर जिच्या मागे धावली, तिच्या अंगावरून तिने पहिल्यांदा हात फिरवला आणि तिला रडू फुटलं. डॉक्टर तोंड फिरवून उगाच हत्यारं लावत राहिले.

तेवढ्यात काठी टेकत सर आले. बोलून दाखवायला त्यांना आयती संधी होती, पण त्यांनी जुनं काही उकरलं नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "झालं ते झालं. धाकटी आहे ना? आता तिला पकडू, बोक्यालाही आणू. अजून सगळं हातचं गेलेलं नाही, पोरी." आणि पिंजरे मागवायला फोन काढून बाहेर व्हरांड्यात गेले. त्या एका शब्दाने तिच्या जिवात जीव आला.

"मॅडम, जरा हात लावता का? त्या बाजूची जखम बघायचीय," डॉक्टर म्हणाले.

दोघांनी मिळून मांजर उलटवलं.

खांद्याजवळ एकाला एक चिकटलेले तीन ठिपके. खाली तुटकं कडं. टेकडीवरच्या फोटोंत हे तिने इतकं पाहिलं होतं की डोळे मिटून काढून दाखवलं असतं.

डॉक्टर काहीतरी विचारत होते. तिने लॅपटॉप उघडला आणि एकाच रात्री दोघी दिसल्या होत्या त्या खेपेचे फोटो काढले. कॅमेरा लावला की लावणारा त्याच्यासमोर हात हलवून तो चालतो का ते बघतो. टेकडीवरच्या कॅमेऱ्यात त्या खेपेचा पहिला फोटो तिचाच होता, हसून हात हलवतानाचा. खाली तारीख. त्या तारखेला ती टेकडीवर नव्हतीच. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, ती आईजवळ होती. टेकडीवर गेली ती दुसऱ्या दिवशी. सेल बदलून तारीख लावताना एक दिवस मागची लावली होती. एकच मांजर एका रात्री ओढ्यावर होतं आणि दुसऱ्या रात्री आरामात चालत टेकडीवर पोचलं होतं. हा फोटो तिने कितीदा तरी पाहिला होता. दर वेळी स्वतःचा चेहरा पाहिला, तारीख पाहिली नाही.

बाहेर सरांचा आवाज चढला होता. "दोन पिंजरे पाठवा, लगेच!" किती दिवसांनी ते असे उत्साहाने बोलत होते. क्षणभर वाटलं, नकोच सांगायला. मग ती उठून बाहेर गेली.

"सर, पिंजरे नकोत."

"का गं?"

"धाकटी आत आहे. टेबलावर."

"थोरली म्हणायचंय तुला."

"दोघी एकच होत्या, सर. मी तारीख चुकीची लावली. तुम्ही पकडू म्हणत होतात ती हीच, आणि मी पकडू दिली नाही."

सरांनी फोन बंद केला. रागावले असते, चार शब्द सुनावले असते तर तिला सोसलं असतं. ते तसेच खाली पायरीवर बसले. "बोका एकटाच राहिला गं," एवढंच म्हणाले आणि म्हातारा माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. ती शेजारी बसली. त्यांच्या पाठीवर हात ठेवायचाही तिला धीर होईना.

खिशातला फोन वाजला. आईचा होता.

"ओढ्याजवळच्या रस्त्यावर रानमांजर गेलं, असं बातम्यांत सांगितलं गं. आपली थोरलीच ना ती?"

तिच्या तोंडून हुंदकाच आला.

"रड, बाई, रड. एवढी माया लावलीस, रडू येणारच. पण आता धाकटीकडे बघ. बिचारी एकटी पडली असेल. मला तर बातमी ऐकल्यापासून तिचीच काळजी लागलीय. ती बरी आहे ना गं?"

सरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"बरी आहे, आई," ती म्हणाली.