चार नंबरचा पिंजरा

मी एक जुना पिंजरा आहे, मित्रांनो. पण पोपटाचा नव्हे. हिंगोलीतल्या एका प्रयोगशाळेत माझ्यात सहा पांढरे उंदीर राहतात.

भुईआवळ्याच्या अर्काने यकृताचा कर्करोग रोखता येतो का, हे तिथल्या संशोधक सीमा मॅडमना पाहायचे होते. उंदरांच्या पाण्यात रोग आणणारे रसायन असे. तीन नंबरच्या पिंजऱ्याला सोबत अर्क मिळे, मला मात्र नाही. त्याचे कोडकौतुक पाहून माझा जळफळाट होई, खोटे कशाला बोलू!

उंदरांची देखभाल शिरड शहापूरच्या पंचफुलाबाई करीत. घरी शेळ्या असल्याने जनावराचे दुखणे त्यांना चटकन कळे. बांधावरून भुईआवळा त्याच खुडून आणत. माझे उंदीर मलूल झालेले पाहून एके दिवशी त्यांनी थोडा पाला हळूच माझ्यात टाकला. मग रोजच टाकू लागल्या. मी हरखून गेलो.

अठराव्या आठवड्यात मॅडमनी माझ्या तळाचा ट्रे ओढला, तर त्यात हिरवे देठ!

"मावशी, हे काय?"

"लेकरं सुकून राहिली, मॅडम. ह्यांनाच औषद काहून न्हाई?"

मॅडमनी ट्रे खाली ठेवला. "अहो, औषध न मिळालेल्यांचं काय होतं हे कळल्याशिवाय औषधाचा गुण कसा कळणार? इतक्या उंदरांचे जीव फुकट गेले."

पंचफुलाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. "देठ फेकून देते मी. कुणाला कळून राहिलं?"

"उद्या हेच औषध एखाद्या आजारी माणसाला दिलं तर? खोट्या आकड्यांवर त्याचा जीव टांगू?" असे म्हणून मॅडमनी वहीत लिहिले, 'प्रयोग रद्द. पुन्हा पहिल्यापासून.'

उंदरांवरच्या प्रयोगाच्या नव्या परवानगीला सात महिने लागले. तोवर मी अडगळीत पडून होतो. अंगावर गंज चढला, कोळ्यांनी जाळी विणली, पण कुणी ढुंकून पाहिले नाही.

अखेर नवे उंदीर आले. मला घासूनपुसून आणले पंचफुलाबाईंनीच. "चार नंबर माझ्याकडंच ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "समदं करीन ह्यांचं, पर पाला देनार न्हाई."

आज सोळावा आठवडा आहे. माझे उंदीर पुन्हा मलूल झालेत. बाई त्यांचा भुसा बदलतात, पाणी भरतात, पाठीवरून बोट फिरवतात आणि रिकाम्या हाताने परततात. त्या वेळी त्यांच्याकडे पाहवत नाही. निकाल काय लागेल, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, कधी औषधाने तुम्हाला बरे वाटले, तर ज्यांना ते मुद्दाम दिले नव्हते, त्यांचीही आठवण ठेवा.