झोइलाचं नाक

कीटो शहराजवळच्या कायाम्बेच्या एका गुलाबमळ्यात सात नंबरच्या शेडमध्ये औषध फवारलं, की आत कधी जायचं ते झोइला फारिनांगो ठरवायची. दार किलकिलं करून ती हुंगायची, औषधाचा वास विरला की हात वर करायची आणि तीस बायका कात्र्या घेऊन आत शिरायच्या. बारा वर्षं हाच रिवाज. भिंतीवर ‘फवारणीनंतर बारा तास प्रवेश बंद’ अशी पाटी होती, पण ती फक्त तपासणीवाल्यांना दाखवायला.

गेली तीन वर्षं झोइलाचं नाक कायमचं चोंदलेलं होतं. डोकं जड, रात्री श्वास तोंडानं. चुलीवर मका करपला तरी तिला पत्ता लागत नसे. ती पानांवरचं औषध वाळलेलं बघायची आणि अंदाजानं हात वर करायची. बावन्नाव्या वर्षी हा मान गेला तर तिला कामावर ठेवणार कोण? म्हणून ती मूग गिळून बसली होती. मागच्या आठवड्यात तिचा हात बघून आत गेलेली तार्हेलिया ओकत बाहेर आली आणि दारातच कोसळली. त्या दिवशी झोइलाला स्वतःची लाज वाटली.

रविवारी कीटोहून डॉक्टर इबार्रा बाई आल्या. फूलमजुरांच्या सायनसच्या जुनाट सुजेवर आणि दम्यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. त्यांनी झोइलाच्या नाकाखाली एकामागून एक सोळा वासाच्या कांड्या धरल्या. तिला एकही वास आला नाही. मग बाईंनी बॅटरीनं नाकात पाहिलं.

“सूज आहे, आत मांसाचे कोंब वाढलेत. इलाज करता येईल,” बाई म्हणाल्या. “आणि घाबरू नका मावशी, आमच्या कागदावर नाव नसतं. मळ्याला कळणार नाही.”

“मग तो कागद काय चाटायचाय? नाव घाला. ठळक. आणि एक प्रत मला द्या.”

सोमवारी मळ्याचा इंजिनिअर बेनाल्कासार घाईत होता. प्रेमदिनाचे गुलाब दुपारी ट्रकमध्ये चढायचे होते आणि फवारणीला जेमतेम तीन तास झाले होते.

“चल झोइला, हुंग पटकन.”

झोइलानं कागद काढला आणि चिकटपट्टीनं दारावर लावला.

“हे काय?”

“माझं नाक मेल्याचा दाखला, साहेब. तीन वर्षं झाली.”

“म्हणजे त्या दिवशी तू मला...” तार्हेलिया पुढे आली.

“हो. खोटा हात केला. शिव्या घाल, ऐकून घेते.”

इंजिनिअर तडकला. “बिननाकाची बाई मला काय कामाची?”

“नका ठेवू. पण तुमचं तर धडधाकट आहे ना? आज तुम्ही हुंगा.”

तिनं दार सताड उघडलं. इंजिनिअरचा हात आपसूक खिशात गेला. नाकाला रुमाल लावून तो दोन पावलं मागे सरला. तीस बायकांनी ते पाहिलं.

झोइलानं दार लावलं आणि ती दाराला पाठ टेकून उभी राहिली. “पाटीवर बारा तास लिहिलंय. वाचून दाखवू?”

ट्रक थांबणार नाही, एकेकीला घरी बसवीन, असं इंजिनिअर ओरडत राहिला. तार्हेलियानं फुलांचा एक क्रेट पालथा घातला आणि त्यावर बसली. मग दुसरी बसली, मग सगळ्याच.

तार्हेलियानं झोइलाकडे रागानंच पाहिलं आणि सरकून क्रेटवर जागा केली. “बस. तुझ्याशी मी नंतर भांडणार आहे.”