बिनखांबी हॉल

आर्वीच्या रस्त्यावर आमच्या गावात सोसायटीने काँक्रीटचा हॉल बांधला, तो एकाहत्तर साली. नागपूरच्या आर्किटेक्टने छत उपड्या सुपासारखं वाकवलं होतं आणि आत एकही खांब नव्हता. एसटीतले लोक खिडकीतून माना काढून बघायचे. सोसायटीचे अध्यक्ष वासुदेवराव तेव्हापासून असे काही मिरवू लागले, की जणू छत त्यांनीच हाताने वाकवलं होतं.

हॉल लग्नांना मिळायचा. आणि आमच्या लोकांची अक्कल बघा. डोक्यावर एवढं छत असताना प्रत्येक वधूपिता म्हणायचा, मांडव पाहिजेच. मांडव म्हटला की मेढ रोवणं आलं, म्हणून पहारीने फरशी फोडायची. हिरवे डहाळे टांगायचे, म्हणून छताला आरपार भोकं पाडून दोर ओवायचे. वासुदेवराव आधी खवळायचे, मग स्वतःच पहार आणून द्यायचे. लग्नघराला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं.

पंधरा वर्षांत छताची चाळण झाली. भोकांतून पाणी मुरलं, सळया गंजल्या. शेवटी एका पंगतीत छताची खपली सुटली ती थेट नवरदेवाच्या मामाच्या वांग्याच्या भाजीत. मामाने जेवण उरकूनच तक्रार केली, पण केली. इंजिनिअर आला, त्याने हॉल धोक्याचा ठरवला आणि सोसायटीने तो पाडायचं ठरवलं.

वासुदेवरावांच्या ते जिव्हारी लागलं. नेमकं त्यांच्या धाकट्या मुलीचं, कोकिळेचं, लग्न जमलं होतं. ते म्हणाले, "लगन याच हॉलात होईन. मंग पाडा. लोकाईले दिसू दे, मायं छत पडते का राह्यते." बायकोने, सुलोचनाबाईंनी, दोन दिवस अबोला धरून पाहिला. उपयोग शून्य.

वरात वडनेरहून आली. व्याही रूपराव दारात थांबले, वर पाहिलं आणि नम्रपणे म्हणाले, "हॉल लय मजबूत हाये. पन आमच्या मंडळीले बाहेरचीच हवा मानवते."

झालं. वरपक्ष बाहेर कापडी मांडवात बसला. आम्ही वधूपक्षाचे भिडेखातर आत, एक डोळा नवरीवर आणि एक छतावर ठेवून. अंतरपाट दारातच धरला. भटजी उंबरठ्यावर उभे राहिले, तेही एक पाय बाहेर ठेवून.

शेवटचं सावधान झालं, अंतरपाट निघाला, कोकिळेने बाहेर पाऊल टाकून माळ घातली. वाजंत्री दणक्यात सुरू झाली आणि आत, मागच्या रिकाम्या सतरंजीवर, एक खपली पडली. कोणाला लागलं नाही. पण आमची अख्खी भीड एका क्षणात बाहेर पळाली. मीही पळालो, खोटं कशाला बोलू.

आत एकटे वासुदेवराव उरले. "काऊन पळता? एक खपली त पडली," म्हणाले आणि हॉलच्या मधोमध मांडी घालून बसले. "मी इथून हालत नाई. पाहू द्या मले, कसं पडते ते."

वाजंत्री थांबली. सुलोचनाबाईंनी हाका मारल्या, रूपरावांनी हात जोडले. ते हलेनात. मग कोकिळा वळली. पिवळा शालू सावरत दाराशी आली.

"बाबा, छत पडो का राहो. पन तुमच्या अंगावर पडलं त मी माहेराले कोनाच्या घरी येऊ?"

 वासुदेवराव गुडघ्यावर हात टेकून उठले आणि बाहेर आले. आमच्यापैकी बऱ्याच जणांचे डोळे ओले झाले होते.

पुढच्याच आठवड्यात घणवाले लागले. घण उसळून परत यायचे, छत काही पडेना. ज्या गावाने हॉलला नावं ठेवली, तेच गाव आता वासुदेवरावांकडे धावलं. ते वडनेरला नेण्यासाठी कुरड्यांचा डबा फडक्यात बांधत होते.

"वासुदेवराव, तुमचा हॉल पडून नाई राह्यला."

"मले माहीत होतं," ते म्हणाले आणि डब्याची गाठ आवळली. "पन त्या घणवाल्याईले सांगजा, दुपारी सावलीले त्याच्याखाली बसू नका म्हना."