जीवनगिरी महाराजांची जिती गोळी

गडमुडशिंगीतलं एक बंद पडलेलं गुऱ्हाळघर श्रावणातल्या त्या दुपारी माणसांनी खच्चून भरलं होतं. बाहेर पावसाची पिरपिर, आत उदबत्त्यांचा धूर. जीवनगिरी महाराज गोळीत जीव घालत होते.

"हालू नका! श्वासबी जपून घ्या!"

पाटावरच्या पांढऱ्या फडक्यावर त्यांनी चिमटीतली काळी, गुळगुळीत गोळी अलगद सोडली. भक्तांच्या बाजूला ठेवलेल्या मोठ्या दिव्याचा उजेड थेट पाटावर पडत होता. महाराज पुटपुटू लागले. थोड्या वेळाने गोळी उलगडली, तिला पाय फुटले आणि ती तुरुतुरु चालत महाराजांच्या भगव्या आसनाखाली शिरली. गर्दीतून जयजयकार उठला.

"डॉक्टरच्या गोळ्या मेलेल्या!" महाराज गरजले. "मेलेली गोळी जित्या माणसाला काय जगवणार? माझी गोळी गुरूचं पाय वळखती, मग तुमचा रोग वळखणार न्हाय व्हय?"

असला बिनतोड युक्तिवाद ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या. संयोगिता तेवढी डोलली नाही. ती हायस्कुलात विज्ञान शिकवायची आणि आज सासूला सोबत म्हणून आली होती. सासूला, म्हणजे आक्कांना, मधुमेह. डॉक्टरांच्या गोळ्या त्यांनी महिन्यापूर्वीच गटारात टाकल्या होत्या. आता रोज सकाळी त्या महाराजांची जिती गोळी गिळायच्या, आणि तीही गुळाच्या खड्यातून. साखरेच्या आजारावर गुळाचा उतारा! पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडत चालली होती. साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सकाळीच स्पष्ट सांगितलं होतं. "म्हाराज हाईत की," एवढं बोलून आक्का उठल्या होत्या. संयोगिताला संताप आला होता, पण संतापापेक्षा भीती जास्त वाटत होती.

आक्का एकदा कौतुकाने म्हणाल्या होत्या, "म्हाराजांचं आसन कायम गार आनि वलं असतंय. गंगा पाझरती तिथं." संयोगिताला त्या गंगेत भिजवलेलं पोतं दिसत होतं. तिने दिव्याकडे पाहिलं आणि ती उठली.

"महाराज, दिवा तुमच्या शेजारी ठेवू का? तुमचं तेज मागच्या लोकांना दिसंना झालंय."

तेजाचा विषय निघाल्यावर महाराज कशाला नाही म्हणतील? दिवा त्यांच्या कुशीला आला. पुढची गोळी उलगडली, उजेडाकडे पाठ करून उलटी निघाली आणि पहिल्या रांगेत बसलेल्या हंबीररावांच्या बुडाखाली गडप झाली. हे गावचे माजी सरपंच. महाराजांना गावात आणणारे तेच. ओल्या रेनकोटाची घडी करून ते तिच्यावर मांडी ठोकून बसले होते. महाराजांनी घाईने दुसरी गोळी सोडली. तीही हंबीररावांकडेच गेली.

मागून कुणीतरी ओरडलं, "हंबीरराव म्हाराज की जय!"

दोन बायकांनी त्यांचे पाय धरले. "अगं ए, सोडा की!" म्हणत हंबीरराव आधी दचकले, मग जरा ताठ झाले आणि शेवटी त्यांनी आशीर्वादासाठी हात वर केला. संयोगिताने कपाळावर हात मारला. एक बाबा कमी करायला आली होती, तर आणखी एक वाढला.

"अहो, दिवा हलला म्हणून ती वळली!" ती ओरडली. ऐकतंय कोण! मग तिने आक्कांचा हात धरला आणि त्यांना गुऱ्हाळाच्या मागे नेलं. काय चाललंय ते बघायला निम्मी गर्दी पाठोपाठ आली.

तिथे जुन्या चिपाडांचा ढीग कुजत पडलेला तिने येतानाच हेरला होता. संयोगिताने काठीने वरचा थर उलथला. एक गोम सरकन पळाली, गांडुळं वळवळली, पैसा किड्यांनी वेटोळी केली. आणि खाली शेकड्याने तेच काळे जीव! काठी लागताच सगळ्यांच्या गोळ्या झाल्या.

"हे महाराजांचं औषधाचं दुकान," ती म्हणाली. "यांच्यात कुणी प्राण घालत नाही, तो असतोच. धक्का लागला की अंग मुडपून घेतात, शांत झालं की उलगडतात. उन्हात वाळून मरतात, म्हणून अंधार आणि ओल शोधतात. कुजकं खाऊन माती करायचं काम यांचं. एवढं गुणी जनावर, आणि आपण ते गिळतोय!"

"म्हंजे किडा गिळला मी?" शेजारच्या शांतव्वांनी विचारलं. त्या लिंगायत, त्यांच्या घरात कधी अंडंसुद्धा आलं नव्हतं.

"किडाही न्हवं, शांतव्वा. हा खेकड्याच्या कुळातला. कल्ल्यांसारख्या अवयवांनी श्वास घेतो."

शांतव्वा तोंडाला पदर लावून गटाराकडे धावल्या. आक्कांना एरवी मटण वर्ज्य नव्हतं, पण श्रावण म्हणजे श्रावण. "खेकडा?" त्या किंचाळल्या. "श्रावणात? त्योबी रोज?"

मग मात्र गर्दी खवळली. फसवणुकीवर नव्हे, काळ्या पडलेल्या अंगठ्यावर तर नाहीच. श्रावण बाटला म्हणून! लोक आत धावले तेव्हा महाराज गोळ्यांचा डबा घेऊन पुढच्या दाराने पसार झाले होते. हंबीरराव तेवढे अजून आशीर्वाद देत होते.

घरी येताना वाटभर आक्का महाराजांच्या नावाने बोटं मोडत होत्या. काम फत्ते झालं होतं, संयोगिताने गप्प बसायला हरकत नव्हती. पण तिला गप्प बसवेना.

"आक्का, त्यानं तुळशीची गोळी दिली असती तर?"

आक्कांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तर घेतली असती की."

"आणि अंगठा?"

आक्कांनी काळ्या अंगठ्याकडे पाहिलं. घरात शिरताच संयोगिताने साखर मोजायचं मशीन त्यांच्यापुढे ठेवलं.

"गोळी चालते का, कुणाच्या पायाशी जाते, हे बघू नका," संयोगिता म्हणाली. "साखर उतरली का ते बघा. कोण सांगतंय यावर जाऊ नका, माझ्यावरसुद्धा नको. मशीन तुमचं, रक्त तुमचं. स्वतः आकडा वाचा."

आक्कांनी बोट पुढे केलं. मशीनवर आकडा आला. त्यांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि परत वाचला.

"उद्या जाऊया डॉक्टरांकडं?" संयोगिताने विचारलं.

"उद्या कशाला?" आक्का भिंतीला धरून उठल्या. "आत्ताच रिक्षा बोलीव."