एका माणसासाठी वाकडी केलेली वाट

ताईंची अख्खी नोकरी बसडेपोच्या तिकीट खिडकीत गेली, त्यामुळे गाडीला उशीर झाला की माणसं कशी होतात हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. एरवी गरीब गाय वाटणारा माणूस खिडकीच्या जाळीवर हात आपटतो. कुणाचं लग्न हुकत असतं, कुणाची परीक्षा हुकत असते, आणि ज्याचं काहीच हुकत नसतं तो सगळ्यांत मोठ्याने ओरडतो. ताई निमूट ऐकून घ्यायच्या, "निघालीय हो तिकडून, येईलच," म्हणायच्या आणि पुढचं तिकीट फाडायच्या. डेपोतले लहानथोर सगळे त्यांना ताई म्हणत. नवरा तेवढा 'अगं'वर भागवायचा.

नवरा त्याच डेपोत ड्रायव्हर, लांब पल्ल्याच्या गाडीवर. त्यांची गाडी फाटकातून आत आली की घड्याळ लावून घ्यावं, असं लोक गमतीने म्हणायचे, आणि ही गंमत आहे हे ड्रायव्हरसाहेबांना शेवटपर्यंत पटलं नाही. कुणी लांबून हात करत धावत आलं तर ते आरशात बघायचे, पण ब्रेकवर पाय जायचा नाही. एकासाठी पन्नास जणांना का ताटकळत ठेवायचं, हा त्यांचा साधा हिशोब. निवृत्त झाल्यावर त्यांनी हाच हिशोब घरात लागू केला. जेवायच्या वेळेला जो नसेल त्याचं ताट झाकून ठेवायचं आणि बाकीच्यांनी सुरू करायचं. ताईंची स्वतःची ताटं अशी कितीदा झाकली गेली होती.

धाकट्या लेकीने दूरच्या शहरात घर घेतलं, तेव्हापासून ती विमानाची तिकिटं पाठवते म्हणून मागे लागली होती. ड्रायव्हरसाहेब टाळत राहिले. ज्या गाडीचा ड्रायव्हर दिसत नाही त्या गाडीत बसायचं कसं, असं म्हणायचे. शेवटी लेकीने विचारणं सोडलं आणि सरळ तिकिटंच पाठवली.

निघायच्या सकाळी ते नेहमीपेक्षा गप्प होते. ताईंना वाटलं, विमानाची धास्ती घेतलीय, आणि मनातल्या मनात त्यांना थोडं हसूही आलं. विमान वर गेलं, ढग खाली राहिले, तरी ते खिडकीबाहेर बघेनात. मग ताईंचं लक्ष गेलं. एवढ्या गार हवेत त्यांची कॉलर घामाने भिजली होती आणि उजव्या हाताची मूठ छातीवर दाबलेली होती.

"अहो, काय होतंय?"

"काही नाही. सकाळपासून जरा जड वाटतंय. पोचल्यावर बघू."

सकाळपासून म्हणजे घरातून निघायच्या आधीपासून. सांगितलं असतं तर विमान चुकलं असतं, म्हणून हा माणूस गप्प बसला होता. ताई त्यांना दोन शब्द सुनावणार, तेवढ्यात त्यांचं डोकं ताईंच्या खांद्यावर कलंडलं. झोपलेल्या माणसाचं डोकं असं जड नसतं.

पुढचं सगळं ताईंना तुकड्यातुकड्यांनी आठवतं. हवाई सुंदरी धावत आली. कुणी डॉक्टर आहे का, असं माइकवरून विचारलं गेलं. बराच वेळ कुणीच हललं नाही, निदान ताईंना तो वेळ फार वाटला. मग मागच्या रांगेतून एक धिप्पाड बाई उठून आली. मनगटं पैलवानासारखी, केस आखूड कापलेले.

"मी डॉक्टर आहे, पण जनावरांची," ती म्हणाली. "दुसरं कुणी आहे का?"

दुसरं कुणी नव्हतं. मग तिने पुन्हा विचारलं नाही. दोघा प्रवाशांच्या मदतीने तिने ड्रायव्हरसाहेबांना मधल्या वाटेत आडवं केलं, गळ्याशी बोटं लावली आणि लगेच दोन्ही हात छातीवर ठेवून दाबायला लागली. असं दाबायला लागली की ताईंना वाटलं, बरगड्या मोडतील. विमानातलं हृदयाला झटका देणारं यंत्र आणलं, त्याच्या पट्ट्या छातीला चिकटवल्या. सगळे बाजूला झाले, ड्रायव्हरसाहेबांचं अंग एकदा उडालं, आणि डॉक्टरीणबाईने पुन्हा गळ्याला हात लावून मान हलवली. ती मान होकाराची होती हे ताईंना कळायला थोडा वेळ लागला.

मग कप्तानाचा आवाज आला. एका प्रवाशाची तब्येत गंभीर असल्यामुळे विमान वाटेतल्या एका लहान विमानतळावर उतरवत आहोत, असं तो म्हणाला. सगळीकडे कुजबुज सुरू झाली. जन्मभर खिडकीआड बसून ऐकलेली ती कुजबुज. ताईंनी मान वर केली नाही. नवऱ्याचा गार हात दोन्ही हातांत धरून त्या तशाच बसून राहिल्या.

विमान दाणकन उतरलं. ॲम्ब्युलन्स खाली तयारच होती. जिना उतरताना मागून कुणीतरी ताईंच्या खांद्यावर एक जाड लोकरी जाकीट टाकलं. कोण ते वळून बघायचंही त्यांना भान नव्हतं.

ते गाव लहान, पण तिथल्या रुग्णालयात हृदयाचा विभाग नुकता सुरू झाला होता. भिंतींना अजून रंगाचा वास येत होता आणि काही खुर्च्यांवरचं प्लास्टिक कुणी काढलं नव्हतं. ताई तशाच एका खुर्चीवर बसल्या. हलल्या की प्लास्टिक करकरायचं, म्हणून त्या हलेनात. लेकीला फोन लावला तर तोंडातून शब्द फुटेना. जवळून जाणाऱ्या नर्सनेच त्यांच्या हातातून फोन घेऊन लेकीला नीट समजावून सांगितलं. लेक मिळेल त्या गाडीने निघाली.

दुपार कलताना हृदयाचे डॉक्टर बाहेर आले. बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली होती. ते म्हणाले, "वेळेत आणलंत. आणखी अर्धा तास गेला असता तर माझ्या हातात काही राहिलं नसतं." ताईंनी हात जोडले. आपण नाही आणलं, हे सांगायचं राहून गेलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई रुग्णालयात आली, हातात ताईंची विमानात राहिलेली पिशवी आणि बिस्किटांचे दोन पुडे. सगळी माणसं त्याच गावात अडकली आहेत, हे ताईंना तिच्याकडून कळलं. लांबच्या प्रवासासाठी भरलेलं इंधन तसंच असताना विमान उतरवलं, वजन जास्त होतं, आणि अशा वेळी चाकं नीट तपासल्याशिवाय पुन्हा उडायचं नाही असा नियम. तपासणारा इंजिनिअर दुसऱ्या शहरातून रस्त्याने येणार होता. निघायला सकाळ उजाडणार. लोकांची सोय कुठे लॉजमध्ये, कुठे कॉलेजच्या वसतिगृहात केली होती.

"दुसरीकडे उतरता आलं नसतं का?" ताईंनी घाबरत विचारलं.

आलं असतं. पुढे एक मोठा विमानतळ होता, तिथे सगळी सोय होती, प्रवाशांना लगेच दुसरं विमानही मिळालं असतं. पण तो लांब होता. कप्तानाने आतल्या फोनवरून डॉक्टरीणबाईलाच विचारलं होतं, तिथपर्यंत हे टिकतील का? ती म्हणाली होती, मला नाही वाटत. त्यावर कप्तानाने फक्त "ठीक आहे" म्हटलं आणि विमान खाली घ्यायला सुरुवात केली.

"माझं चुकलं असतं तर दोघांनाही लोकांनी फाडून खाल्लं असतं," ती बिस्किटाचा पुडा फोडत म्हणाली. "पण गायीगुरांना कुठे दुखतं ते सांगता येत नाही ना, त्यामुळे अंदाजावर भरवसा ठेवायची सवय आहे मला. तुमच्या मिस्टरांनी तरी कुठे सांगितलं होतं?"

दिवसभरात पहिल्यांदा ताई हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. डॉक्टरीणबाईने त्यांना आपल्या भल्याथोरल्या दंडाशी धरून ठेवलं आणि रडू दिलं.

सकाळी ड्रायव्हरसाहेबांनी डोळे उघडले. नळ्या, वायरी, शेजारी टिकटिकणारं यंत्र, सगळ्यावर नजर फिरवली. पहिला प्रश्न आला तो अपेक्षेप्रमाणेच.

"विमान वेळेवर पोचलं का?"

ताईंच्या मनात आलं, हो म्हणावं आणि मोकळं व्हावं. पण या माणसाशी वेळेच्या बाबतीत त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या. "नाही. पोचलंच नाही. तुमच्यासाठी इथे उतरवलं. माणसंही इथेच आहेत."

"सगळी?"

"सगळी."

त्यांनी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने मिटल्या पापण्यांखालून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे पाणी ताईंनी फार तर दोनदा पाहिलं होतं. त्यांनी पदराने ते टिपलं.

तेवढ्यात लेक येऊन पोचली, आणि तिच्यामागोमाग गणवेशातला कप्तान. विमानतळावर जाता जाता तो मुद्दाम वाकडी वाट करून आला होता. वयाने लेकीएवढाच असेल, डोळे झोपेविना सुजलेले. नर्सने पाच मिनिटांची परवानगी दिली. तो खाटेपाशी उभा राहिला तेव्हा ताईंना वाटलं, आता हे आभार मानतील, नाहीतर माफी मागतील. ड्रायव्हरसाहेबांना दोन्ही जमत नव्हतं. ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले,

"धावपट्टी आखूड असणार."

"होती थोडी," कप्तान म्हणाला.

"आणि गाडी भरलेली."

"हो. ब्रेक चांगलेच तापले."

"टायर?"

"इंजिनिअरने पाहिले. शाबूत आहेत."

ड्रायव्हरसाहेबांनी समाधानाने मान हलवली. मग सुई लावलेला हात त्यांनी हळूहळू चादरीवरून पुढे सरकवला. कप्तानाने तो हातात घेतला. "मी नसतो थांबलो," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "तुम्ही थांबलात."

कप्तानाला त्याचा सगळा अर्थ कळला की नाही, कोण जाणे. ताईंना कळला. कप्तान निघाला तशा त्या उठल्या आणि म्हणाल्या, मला विमानतळावर न्याल का? लेकीने विचारलं, आता कशाला? त्या माणसांना एकदा भेटायचंय, एवढंच त्या म्हणाल्या.

गाडीत बसेपर्यंत धीर होता. विमानतळाच्या दारात पाय थबकले. आत एकच मोठी खोली होती आणि ती माणसांनी गच्च भरली होती. बॅगांवर डोकं टेकून पेंगणारी माणसं, चुरगळलेले कपडे, चहाच्या यंत्रापुढची रांग. ताई ही माणसं ओळखत होत्या. फरक एवढाच, की आज मध्ये जाळी नव्हती.

कप्तानाने कुणाशी तरी बोलून त्यांच्या हातात माइक दिला. खिडकीत बसून त्या हजारदा माइकवरून बोलल्या होत्या, तरी आज त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला.

"मी कालच्या पेशंटची बायको," त्या म्हणाल्या. पेंगणाऱ्या माना वर झाल्या. "ते शुद्धीवर आलेत. बोलले. तुमचं सगळ्यांचं काय काय हुकलं असेल ते मला माहीत नाही, ते मी भरूनही देऊ शकत नाही. माझी सगळी नोकरी उशीर झालेल्या माणसांची बोलणी खाण्यात गेली. तुम्हालाही काही बोलायचं असेल तर बोला, मी ऐकायला आलेय. आणि माझं माणूस तुम्ही मला परत दिलंत, ते सांगायला आलेय."

कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. एक म्हातारे गृहस्थ उठून जवळ आले आणि पाण्याची बाटली त्यांच्या हातात देऊन परत जागेवर जाऊन बसले. मग एकेक जण आला. एका मुलीची नोकरीची मुलाखत हुकली होती. तिने ते सांगितलं, लपवलं नाही. ताई कानकोंड्या झाल्या तेव्हा तीच म्हणाली, "मी रात्री चिडून रडले, काकू. पण काका गेले असते आणि मी वेळेवर पोचले असते, तर ते मला जन्मभर आठवलं असतं." एका बाईने विचारलं, जाकीट उबदार होतं ना? ताईंनी अंगातून जाकीट काढून द्यायला घेतलं, तर ती म्हणाली, राहू दे, इथे थंडी आहे.

एक माणूस मात्र कोपऱ्यात पाठ फिरवून उभा होता. ताई आपण होऊन त्याच्याकडे गेल्या. तो रागानेच म्हणाला, तुमच्यामुळे मला ज्या ठिकाणी असायला हवं होतं तिथे मी नाही, आणि आता जाऊनही उपयोग नाही. कुठे, ते त्याने सांगितलं नाही. ताईंनी विचारलंही नाही. "तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तरीसुद्धा तुमचे आभार." त्याने पुन्हा पाठ फिरवली. पण विमानाकडे जायची रांग लागली तेव्हा त्याने जाता जाता ताईंकडे एकदा पाहिलं, आणि त्या नजरेत राग होता तशी दमणूकही होती.

डॉक्टरीणबाई शेवटी गेली. "आता वेळच्या वेळी तक्रार करायला शिकवा त्यांना," असं बजावून गेली.

रुग्णालयात परतल्यावर ताईंनी सगळं सांगितलं, मुलाखत हुकलेल्या मुलीचं आणि पाठ फिरवलेल्या माणसाचंसुद्धा. ड्रायव्हरसाहेबांनी नीट ऐकून घेतलं. मुलीचा पत्ता घेतलास का, असं विचारलं. घेतला नव्हता. त्यांना ते आवडलं नाही.

पुढे आठवडाभर ते त्या गावात राहिले. नर्स ड्यूटीवर आली की ड्रायव्हरसाहेब तिचं नाव घेऊन हाक मारायला लागले. वॉर्ड झाडणाऱ्या मावशींना खुर्ची द्यायला लागले. हृदयाचे डॉक्टर एक दिवस तपासायला फार उशिरा आले, तर घड्याळाकडे न बघता म्हणाले, "दमलात का? बसा जरा." लेक ताईंकडे बघून गालात हसली. घरी जायची परवानगी मिळाली तेव्हा लेकीने गाडी केली. वाटेत जेवायला थांबायचं ठरलं. लेक हात धुवायला गेली आणि तिला फोन आला, बोलणं लांबलं. समोर गरम ताटं येऊन बसली. ताईंनी सवयीने लेकीच्या ताटावर दुसरं ताट झाकायला उचललं.

"राहू दे," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "येऊ दे तिला. घाई कसली आहे?"

ताईंनी ताट खाली ठेवलं. बाहेर रस्त्यावरून गाड्या जात होत्या आणि दोघं त्या बघत बसले.