केशरचा तंग

घोडीला चंदी, दाणा-भरडा कोण घालणार, यावरून देशमुखांच्या वाड्यात चार दिवस खल चालला होता. बद्रीनाथ देशमुख सगळं घर घेऊन महिनाभर हैदराबादला निघाले होते, मेव्हण्याकडं, हवापालटाला. बैलांची दमणी सजली होती, पेट्या बांधून झाल्या होत्या, देशमुखांच्या पत्नी विमलबाईंनी निजामाच्या शहरात नेसायच्या लुगड्यांच्या घड्या तीनदा घालून तीनदा मोडल्या होत्या. अडलं होतं ते केशरपाशी. केशर म्हणजे देशमुखांची तांबडी घोडी, कपाळावर चांदणी असलेली. वर्षात तिनं तीन मोतद्दार, घोडी राखणारे गडी, घालवले. एकाच्या मनगटाचा लचका तोडला, दुसऱ्याला भिंतीशी दाबला, तिसरा कुणाला न सांगता धारूरला निघून गेला. मालक स्वतः गेले तर चार घास खायची, एरवी पाठ फिरवून उभी राहायची.

शेवटी विमलबाईच म्हणाल्या, की गावात एकच हात असा आहे ज्याला घोडी नाही म्हणणार नाही. तो हात कुणाचा हे वाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तर इतके दिवस कुणी नाव काढलं नव्हतं.

बायनाबाईला हे पाणवठ्यावरच कळलं. घागर डोक्यावर चढवता चढवता तिनं पुन्हा खाली ठेवली. भीतीनं नव्हे. वर्षभर विस्तव राखेखाली दाबून ठेवावा आणि कुणीतरी आपणहून फुंकणी आणून द्यावी, तसं तिला झालं.

तिचा नवरा धोंडीराम बारा वर्षं वाड्याचा मोतद्दार होता. केशर त्याच्याच हातात जन्मली. मागल्या दसऱ्याला सीमोल्लंघनाची मिरवणूक निघाली तेव्हा देशमुखांच्या शेजारी तालुक्याचे एक बडे पाहुणे होते. त्यांच्यापुढं दिमाख दाखवायला देशमुखांनी शिवेवरच्या नाल्यावरून घोडी उडवायला टाच मारली. तिथं कुणी घोडी उडवत नाही, उतार धरून चालवत नेतात. केशर अलीकडच्या काठावरच कोसळली, तिचे गुडघे फुटले, आणि देशमुख पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत चिखलात पडले. गावाची रीत अशी की देशमुखाच्या घोड्यानं शीव ओलांडल्याबिगर कुणी आपट्याचं पान तोडायचं नाही, आणि शीव ओलांडेस्तोवर स्वारानं जमिनीला पाय लावायचा नाही. लागला तर गावाचं वरीस वाईट.

उठताउठता देशमुख म्हणाले, की मोतद्दारानं तंग ढिला ठेवला होता.

तंग म्हणजे खोगीर आवळायचा घोडीच्या पोटाखालचा पट्टा. तो आवळ होता. खोगीर पाठीवरून तसूभर सरकलं नव्हतं, हे शंभर माणसांनी बघितलं. त्याच पट्ट्यानं चावडीसमोरच्या लिंबाला बांधून धोंडीरामला मारलं तेव्हाही शंभर माणसांनी बघितलं. कुणी तोंड उघडलं नाही. पाठीचे वळ पंधरा दिवसांत बुजले. पण ज्यानं बारा वर्षं तंग आवळून दुसऱ्याचा जीव आपल्या बोटांनी सांभाळला, त्याच्या बोटांवरच डाग लागला होता. तो उठला नाही. मार्गशीर्षात गेला. जाताना एवढंच म्हणाला, "आवळ व्हता गं."

बायनाबाईनं नाल्याच्या अलीकडं, जिथं केशर पडली तिथं, एक दगड रोवला. शेंदूर नाही, नाव नाही.

दुपारी कारभारी त्रिंबक आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, पागोटं सारखं करीत. मालकांचं मन मोठं आहे, मागचं ते विसरलेत, असं काहीबाही बोलला. बायनाबाईनं जात्याचा खुंटा सोडला नाही.

"मालक इसरले. बरं झालं," ती म्हणाली. "आन् घोडी इसरली का?"

त्रिंबकनं ते कानाआड केलं. मग मजुरीचं बोलू लागला. तिनं हातानंच थांबवलं. तिच्या अटी तीन होत्या. घोडी तिच्या दारात राहील. मालक येईस्तोवर वाड्यातलं कुणी तिकडं फिरकणार नाही. आणि धोंडीरामची घोंगडी अन् घोडी घासायचा खरारा, जे पागेत कुलपात पडलंय, ते तिला मिळावं. त्रिंबकला वाटलं, बाईमाणूस, नवऱ्याच्या वस्तूंत जीव अडकलाय. त्यानं हसून हो म्हटलं.

दमणी गेली त्या संध्याकाळी बायनाबाईनं पदराची गाठ सोडली. आत धोतऱ्याचं विखारी बी होतं. चंदीच्या भरड्यात ते कालवायचं, एवढंच काम. मालक परत येतील तेव्हा दारात घोडीचा सांगाडा असेल. मग त्यांनी तिलाही लिंबाला बांधावं. तिनं बी कालवलं आणि पाटी पुढं केली. केशरनं पाटीकडं बघितलंच नाही. तिनं बायनाबाईच्या खांद्यावरच्या धोंडीरामच्या घोंगडीत नाक खुपसलं, आणि एक लांब श्वास घेतला, आत आत, जसा कुणी रडायच्या आधी घेतो. तिच्या गुडघ्यांवर पांढऱ्या केसांचे दोन डाग होते. बायनाबाईची बोटं त्या डागांवर फिरली.

"तुलाबी त्यानंच पाडलं गं माय," ती म्हणाली.

भरडा तिनं राखेत पुरला, आणि चुलीपाशी बसून राहिली. राग विझला नाही. राग फक्त घोडीवरून उठला आणि त्याच्या खऱ्या धन्याकडं, देशमुखांकडं, निघाला.

दुसऱ्या दिवशी ती केशरला फिरवायला नाल्याकडं घेऊन गेली. दगडापाशी आल्यावर घोडीचे चारी पाय जमिनीत रुतल्यासारखे झाले. अंग थरथरलं. तिथं ती पडली होती, ते तिला आठवत होतं. बायनाबाई घोडीकडं बघत राहिली, मग दगडाकडं, मग नाल्यापलीकडच्या आपट्याच्या झाडाकडं. दसऱ्याला महिना होता.

त्या दिवसापासून रोज दिवस कलताना ती केशरला तिथं न्यायची. दगडावर घोंगडी पसरायची, तिच्यावर भिजले हरभरे आणि गुळाचा खडा ठेवायची. घोडी मान खाली घालून खायची, खाऊन झालं तरी घोंगडीचा वास घेत उभी राहायची. बायनाबाई खरारा करता करता गायची.

केशर घोडीच्या गं कपाळी चांदणी
हात फिरवाया तिला न्हाई राह्यला गं धनी

थांब गं माजे बाई, हितं वाट सरली
धन्याच्या दगडापाशी माती माजी उरली

भीतीचं ठिकाण हळूहळू घोडीचं घर झालं. मग बायनाबाईनं घोंगडी ठेवायची सोडली, गूळ ठेवायचा सोडला. केशर तरी थांबायची आणि मान लववायची. लगाम ओढा, टाच मारा, हलायची नाही. बायनाबाईनं मानेवर पंजा ठेवून "चल गं माय" म्हटलं की मात्र उतार धरून नाला पार करायची, वासरासारखी.

देशमुख नवरात्राच्या सातव्या माळेला परतले. घोडी बघून खूश झाले. अंगावर लकाकी आली होती, त्वचेत तोंड दिसावं अशी. गावात दोन फेऱ्या मारल्या, केशर फुलासारखी चालली. त्यांनी बायनाबाईला लुगडं पाठवलं. तिनं ते त्रिंबकच्याच हाती परत दिलं.

दसरा आला. सकाळी केशरची पूजा झाली, कपाळी कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. त्या दिवशी घोडी म्हणजे देव; तिच्यावर चाबूक उचलायचा नाही. हलगी कडाडली, मिरवणूक शिवेकडं निघाली. मागल्या सालचे पाहुणे यंदाही होते. दगडापाशी केशर थांबली आणि तिनं मान लववली.

देशमुखांनी टाच मारली. पुन्हा मारली. लगाम ओढला. हात कमरेच्या चाबकाकडं गेला आणि कुंकवाकडं बघून मागं आला. उतरावं तर पाय जमिनीला लागतो, सलग दुसऱ्या सालाला. मागं अख्खं गाव उभं, आपटा समोर, पान कुणाला तोडता येत नव्हतं. हलगी थांबली. पाहुण्यांनी मिशीतल्या मिशीत हसत काहीतरी विचारलं.

गर्दीतून बायनाबाई पुढं आली. डोक्यावरचा पदर नीट केला. देशमुख हलक्या आवाजात म्हणाले, की बाई, चालव तिला.

"चालवते की," बायनाबाई म्हणाली. "आदी तंग बगते. न्हाईतर पुन्यांदा आमच्यावर यायचं." तिनं पट्ट्याखाली बोट घालून बघितलं. "आवळ हाय. मागल्या दसऱ्याला कसा व्हता, मालक?"

देशमुखांनी पुन्हा टाच मारली. घोडी हलली नाही. मागून एक म्हातारा खोकला, आणि त्या खोकल्यात वर्षभराचं काहीतरी होतं. सावल्या लांबत होत्या. सूर्य बुडाल्यावर सोनं लुटता येत नाही, हे देशमुखांनाही ठाऊक होतं.

"आवळ होता," ते म्हणाले.

"मागच्या माणसायला ऐकू आलं न्हाई."

देशमुखांचा चेहरा कुंकवासारखा झाला. त्यांनी पाहुण्यांकडं बघायचं टाळलं.

"तंग आवळ होता. धोंडीरामची चूक नव्हती."

बायनाबाईनं केशरच्या मानेवर पंजा ठेवला. तिला वाटलं होतं, हे ऐकल्यावर आपण रडू. डोळे कोरडेच होते. "चल गं माय," ती म्हणाली, आणि घोडी सावकाश उतार उतरून नाला ओलांडून गेली. हलगी पुन्हा सुरू झाली, पण मघासारखी नव्हे.

सोनं लुटून लोक परतले. सगळे नव्हे, पण पुष्कळांनी येताना एकेक पान दगडावर ठेवलं. बायनाबाई त्यांच्याकडं बघत होती. वर्षभर मुकी राहिलेली तोंडं. त्यांनाही तिनं माफ केलं नव्हतं.

दिवेलागणीला त्रिंबक आला. मालक म्हणतात, केशर तुझ्याच हाती राहू दे, मागशील ते मिळेल.

"न्हाई," बायनाबाई म्हणाली. "घोडी आता शानी झाली, कुनाच्याबी हातचं खाईल. मालकाला सांगा, गावात कुटंबी फिरवा. फकस्त नाल्याकडं जाताना जपून. ती वाट तिच्या पायात बसलीय. दर दसऱ्याला थांबंल. आन् त्या दिवशी मी हाय का मेले, त्ये आदी बगून ठिवा."

त्रिंबक वळला. मग परत आला, पागोट्यात खोचलेलं आपट्याचं पान काढून उंबऱ्यावर ठेवलं, आणि गेला. बायनाबाईनं ते उचललं नाही. झाडूनही टाकलं नाही.