तांबड्या पेशीच्या दाराशी

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. इंदूरला पलासियात डॉक्टर यामिनी यांची रक्त तपासायची लॅब आहे, तिथे खिडकीजवळच्या टेबलावर मी असतो. माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यातला. उघड्या डोळ्यांना न दिसणारी रक्तातली तांबडी पेशी माझ्यातून मसुराएवढी दिसते.

एके काळी मला उसंत नसे. पावसाळा सरता सरता थंडी वाजून तापलेल्या माणसांची रांग लागे. यामिनीताई शिकत होत्या तेव्हापासून माझ्यावर डोळा लावून बसत. "याची नजर साफ आहे," असे त्या म्हणत आणि मी फुशारून जाई. पुढे पेशी मोजणारी यंत्रे आली, मलेरिया झटपट तपासायची पट्टी आली. माझ्यावर प्लास्टिकची टोपी चढली. एका भिंगाच्या कडेला बुरशी धरली, तेही कोणाच्या लक्षात आले नाही.

गेल्या वर्षी एका दुपारी शैलजाताई नावाच्या शिक्षिका धावतपळत आल्या. त्यांची मुलगी इरावती सुट्टीत बालाघाटच्या जंगलाजवळ मामाकडे राहून आली होती. आता ती आईच्या खांद्यावर मान टाकून पडली होती.

"डॉक्टरजी, बुखार उतरतच नाही हो. दुसरीकडे पट्टीवाली टेस्ट केली, निगेटिव आली. पण ही सकाळपासून काहीतरी बडबडतेय, मलाही ओळखत नाही!"

यामिनीताईंनी लगेच रक्त घेतले. "तुम्ही हिला आधी अ‍ॅडमिट करा. पट्टी कधी कधी चुकते. स्लाइड मी स्वतः बघते आणि फोन करते."

नवा सूक्ष्मदर्शक शेजारीच होता. पण त्यांनी माझी टोपी काढली. "माझे डोळे तुझ्यावरच तयार झालेत," असे पुटपुटत त्यांनी माझी भिंगे पुसली, काचेवर तेलाचा थेंब सोडला.

त्या काच सरकवत राहिल्या. पेशीच पेशी, सगळ्या निरोगी! माझा जीव टांगणीला लागला. माझ्या कडेची बुरशी आड येत असेल का? आणि अचानक एका पेशीच्या काठाला खड्याच्या अंगठीसारखे इवलेसे कडे दिसले. शेजारच्या पेशीत तर दोन. पेशीत शिरलेला मलेरियाचा परजीवी असाच दिसतो.

यामिनीताईंनी लगेच इरावतीच्या रुग्णालयात फोन लावला. "फाल्सिपेरम मलेरिया आहे, सगळ्यात घातक जात. इंजेक्शन आत्ताच सुरू करा, थांबू नका."

 तिसऱ्या दिवशी फोन आला. इरावतीने आईला हाक मारली होती.

बरी झाल्यावर ती मला बघायला आली. आपल्याच रक्ताची ती जुनी काच बघताना तिने विचारले, "मामाच्या गायींना तर मच्छर किती चावतात! त्यांना का नाही हा मलेरिया झाला?"

"कारण प्रत्येक प्राण्याच्या तांबड्या पेशीचं दार वेगळं असतं," यामिनीताई म्हणाल्या. "या परजीवीला आपल्या पेशीचं दार उघडता येतं, गायीच्या पेशीचं नाही. याचे पूर्वज आफ्रिकेत गोरिलांच्या रक्तात राहायचे. हजारो वर्षांपूर्वी त्यांच्यात जरासा बदल झाला आणि काहींना माणसाच्या पेशीचं दार उघडता आलं. मग ते माणसातच राहिले."

"आणि आपण नुसते बघत बसलो?"

"नाही गं! मलेरियाची दुसरी एक जात आहे, व्हायव्हॅक्स. आफ्रिकेतल्या पुष्कळ लोकांच्या पेशीवर तिला लागणारं दारच उरलं नाही. त्यांच्यात तिला शिरणं फार अवघड जातं."

मी थक्क झालो. आयुष्यभर मी ही कडी पाहिली होती. पण त्यांच्या मागे केवढी वाट आहे, हे मला ठाऊकच नव्हते. परजीवी पेशीत शिरताना मी कधी पाहिला नाही. माझ्याकडे येते ती काचेवर थिजलेली घटका. त्या एका ठिपक्यात हजारो वर्षांची झुंज सामावलेली होती, गोरिलांच्या रानापासून बालाघाटच्या रानापर्यंतची!

मग यामिनीताईंनी इरावतीच्या रक्ताची नवी काच ठेवली. इरावती काच सरकवत एकेक पेशी बघत गेली.

"एकही कडं नाही," ती हळूच म्हणाली. "सगळी दारं बंद."

मित्रांनो, ताप आला तर रक्त तपासून घ्या आणि घराभोवती पाणी साचू देऊ नका. माझ्यासारख्या जुन्यांची भिंगे अधूनमधून पुसा. आमच्यातून बघताना मात्र घाई करू नका. एवढ्याशा थेंबात किती जुने काय दडले असेल, सांगता येत नाही.